पंचविसावा गुरू

गेल्या दिवाळीच्या सुटीत आमचे सारे कुटुंब, म्हणजे आम्ही उभयता, दोघे चिरंजीव, दोघी सुना आणि नातवंडांची पलटण, कोकणातील एका समुद्रकाठच्या गावी चार दिवस राहावयास गेले होते. एके दिवशी सकाळी ओहोटीच्या वेळी ओल्या वाळूवरून फिरत असता आमच्या नऊ वर्षांच्या नातवास एक विलक्षण वस्तू पडलेली दिसली. ताटलीएवढा वाटोळा, शहाळ्यातील कोवळ्या मलईसारखा पांढुरका आणि जवळजवळ आरपार दिसणारा असा तो एक थलथलीत गोळा होता. नातवाने त्यास चहूबाजूंनी न्याहाळले आणि आम्हांस विचारले, "आजोबा, ह्याचे डोके कुठे आहे?"

पस्तीस वर्षे हाती खडू धरलेल्या माणसास असा प्रश्न म्हणजे पर्वणीच होय. आम्ही घसा खाकरून उत्तर दिले, "बाळ, ह्यास जेलीफिश म्हणतात. ह्यास डोके नाही, मेंदू नाही. अगदी बिनडोक प्राणी!"

"मग हा काहीच शिकत नसेल?"

"कसा शिकेल? शिकावयास मेंदू लागतो," असा निर्वाळा देऊन आम्ही चार पावले पुढे गेलो, तोच मागून किंकाळी ऐकू आली. नातवाने त्या गोळ्याखाली हात घालून तो उचलू पाहिला होता. तळहात व मनगट लालभडक झाले होते आणि पोर कळवळून रडत होते. आम्ही घाईघाईने मूठभर ओली वाळू घेऊन त्याचा हात चोळला, वर बाटलीतले पिण्याचे पाणी ओतले. जो जो आम्ही चोळावे तो तो त्याने अधिकच टाहो फोडावा! तेवढ्यात मासळीची पाटी घेऊन चाललेली एक कोळीण थांबली व म्हणाली, "आजोबा, चोळू नका. दर्याचं पाणी घाला." तिचे ऐकले. संध्याकाळपर्यंत आग पुष्कळ कमी झाली.

रात्री जेवणे झाल्यावर आमची थोरली नात, जी महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकते, ती हळूच म्हणाली, "आजोबा, राग मानू नका, पण आज सकाळी तुम्ही दोन चुका केल्यात. एक हाताने आणि एक तोंडाने." हाताची चूक कोणती ते आम्हांस कळलेच होते. तोंडाची चूक कोणती हे तिने सांगितले तेव्हा मात्र आम्ही चकित झालो. घरी परतल्यावर तिच्याकडून मागून घेऊन जे वाचले, त्याचे सार वाचकांपुढे ठेवण्याचा ह्या महिन्यातील आमचा विचार आहे. काही अंशी हे आमचे प्रायश्चित्तही समजावे.

प्रथम नावाचा घोळ निस्तरू. 'फिश' म्हणजे मासा. परंतु जेलीफिश हा मासा नव्हे. माशास कणा असतो, कल्ले असतात. ह्यास यांपैकी काहीच नाही. पोवळी ज्यांच्यापासून होतात ते प्रवाळजीव ह्याचे सगेसोयरे होत. म्हणजे आमच्या वाचकभगिनींच्या पेटीतील पोवळ्यांच्या माळेचा आणि वाळूत पडलेल्या त्या गोळ्याचा चुलत संबंध आहे! अठराव्या शतकात लिनीयस नामक स्वीडिश पंडिताने जीवसृष्टीचे नामकरण केले, तेव्हा ह्या जीवांस त्याने 'मेड्यूसा' हे नाव दिले. ग्रीक पुराणांत मेड्यूसा नावाची एक स्त्री आहे. तिच्या मस्तकावर केसांऐवजी सर्प वळवळतात. जेलीफिशच्या छत्रीखाली लोंबणारे तंतू पाहिले म्हणजे हे नाव किती समर्पक आहे ते ध्यानात येते.

ह्या प्राण्याचे वर्णन पुस्तकांतून वाचू लागलो तो आम्हांस आमच्या संस्कृतच्या तासांची आठवण झाली. जिकडे पाहावे तिकडे नञ् बहुव्रीहि! मेंदू नाही ज्यास तो, हृदय नाही ज्यास तो, अस्थी नाहीत ज्यास तो, रक्त नाही ज्यास तो, फुप्फुसे नाहीत ज्यास तो. अन्न आत घेण्याचे द्वार आणि मल बाहेर टाकण्याचे द्वार हीसुद्धा वेगळी नाहीत. एकाच मुखाने दोन्ही कामे होतात. देहात शंभरातले पंचाण्णव भाग किंवा त्याहूनही अधिक नुसते पाणी. अशा नकारांची यादी वाचून कोणासही वाटावे की, हा प्राणी म्हणजे सृष्टिकर्त्याने अर्धवट टाकून दिलेले काम असावे.

परंतु नञ् लावल्याने काय नाही तेवढेच कळते. काय आहे ते कळत नाही. आता जे आहे ते पाहू. बाहेर एक पातळ त्वचा, आत पोटाचे एक अस्तर आणि दोहोंच्या मध्ये तो थलथलीत गर, एवढीच देहाची घडण आहे. कातडी इतकी पातळ की, पाण्यातील प्राणवायू तीतून थेट आत झिरपतो. मग फुप्फुसे व रक्त यांची गरज काय? छत्री आकुंचित झाली की पाणी मागे फेकले जाते आणि प्राणी पुढे सरकतो. मेंदू नसला तरी मज्जातंतू आहेत. ते एके ठिकाणी गोळा झालेले नसून सर्व देहभर जाळ्यासारखे पसरलेले आहेत. राजा नाही, पण गावोगावी पंच आहेत, अशातला हा कारभार म्हणावा.

हा कारभार किती दिवस टिकला आहे? कॅनडा देशातील पर्वतांत 'बर्जेस शेल' या नावाने प्रसिद्ध असलेले प्राचीन खडक आहेत. त्यांत सापडलेल्या जेलीफिशच्या ठशांचे सविस्तर वर्णन २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्या खडकांचे वय सुमारे ५० कोटी वर्षे आहे. ज्या अजस्र सरीसृपांना आपण डायनोसॉर म्हणतो, ते पृथ्वीवर आले सुमारे २३ कोटी वर्षांपूर्वी आणि साडेसहा कोटी वर्षांपूर्वी नष्टही झाले. आपली मनुष्यजात अवघी तीन लक्ष वर्षांची. हाडे नसलेल्या जीवाचा ठसा मुळात खडकावर उमटणेच दुर्मिळ. पण तो उमटला आणि आपल्या घराण्याची वंशावळ किती थिटी आहे हे आपणांस कळले.

आता त्या दंशाविषयी लिहितो, कारण मुलाबाळांस घेऊन समुद्रावर जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबास हे ठाऊक असणे अवश्य आहे. लोंबत्या तंतूंवर असंख्य दंशपेशी असतात. प्रत्येकीत एक सूक्ष्म कुपी, कुपीत वेटोळे घालून बसलेली पोकळ नळी आणि तीत विष. स्पर्श झाला की कुपीचे झाकण उघडते व नळी बाणासारखी सुटते. जेलीफिशचा नातलग जो गोड्या पाण्यातील हायड्रा, त्याच्या अशा कुपीचा वेग शास्त्रज्ञांनी २००६ साली मोजला. बाण सुटण्याचा तो क्षण एका सेकंदाच्या दहा लक्षाव्या भागाहूनही लहान भरला! बंदुकीचा चापसुद्धा त्यापुढे आळशी म्हणावा. आणि ह्या कुप्या स्वतंत्र असल्यामुळे प्राणी मेला तरी त्या मरत नाहीत. वाळूत निर्जीव पडलेला गोळा किंवा तुटून आलेला नुसता तंतू हासुद्धा तासन् तास दंश करू शकतो. नातवास जो प्रसाद मिळाला तो मेलेल्याच्या हातचा!

आम्ही चोळलेली वाळू आणि ओतलेले गोडे पाणी यांनी काय झाले? हाताला चिकटलेल्या ज्या कुप्या अजून फुटल्या नव्हत्या, त्याही फुटल्या. म्हणून नियम ध्यानात ठेवावेत. चोळू नये. गोडे थंड पाणी घालू नये. मूत्र घालण्याची जी एक समजूत सर्वत्र पसरली आहे ती निराधार आहे. समुद्राच्याच पाण्याने धुवावे. तंतू चिकटलेले असल्यास ते उघड्या बोटांनी न ओढता चिमट्याने उचलावेत. मग सोसेल इतक्या गरम पाण्यात, म्हणजे सुमारे ४५ अंश उष्णतेच्या, वीस मिनिटे तो भाग बुडवावा. त्या पाण्याने लहान मुलास भाजू नये म्हणून आधी वडील माणसाने त्यात आपला हात घालून पाहावा. श्वास लागू लागला, छातीत दुखू लागले, तोंड सुजले किंवा भोवळ आली, तर घरगुती उपायांत एक क्षणही न दवडता रुग्णालय गाठावे. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर किनाऱ्यास 'बॉक्स जेलीफिश' नावाची चौकोनी छत्रीची जात आढळते. तिचा दंश माणसाचा काही मिनिटांत प्राण घेऊ शकतो. त्या दंशावर प्रथम व्हिनेगर ओततात, त्यायोगे न फुटलेल्या कुप्या निकामी होतात.

पावसाळ्यात मुंबईच्या किनाऱ्यांवर निळे फुगे वाहत येतात. २०१८ सालच्या ऑगस्टमध्ये ते मोठ्या संख्येने आले आणि पुष्कळ लोकांना दंश झाला होता. ह्यांस 'ब्लू बॉटल' म्हणतात. लोक त्यांस जेलीफिश समजतात. परंतु ते खरे जेलीफिश नव्हेत. तो एक प्राणीसुद्धा नव्हे! फुगा एका प्रकारच्या जीवांचा, पोट दुसऱ्या प्रकारच्या जीवांचे, दंशाचे तंतू तिसऱ्याच प्रकारच्या जीवांचे, असे अनेक जीव एकमेकांस जोडलेले असून सारे मिळून एका देहासारखे नांदतात. एकत्र कुटुंबाचा ह्याहून कडेकोट नमुना आमच्या पाहण्यात नाही. ह्याच्या दंशावर व्हिनेगर लावावे की नाही याविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत. परंतु चोळू नये व गरम पाण्याने वेदना शमते, याविषयी नाहीत.

जन्माची कथाही अशीच नवलाची आहे. अंड्यातून निघणारे पिलू आईबापांसारखे मुळीच दिसत नाही. ते इवलेसे पिलू काही काळ पोहून एखाद्या खडकास वा शिंपल्यास चिकटते आणि तेथे देठावर उमललेल्या फुलासारखे उभे राहते. ह्या अवस्थेस 'पॉलिप' असे म्हणतात. तेथे ते महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षेही, तसेच राहते. अनुकूल ऋतू आला की त्या देठावर आडव्या खाचा पडू लागतात आणि अखेर तो पत्रावळींच्या चवडीसारखा दिसू लागतो. मग वरून एकेक पत्रावळ सुटते, पोहू लागते, वाढते आणि जेलीफिश होते. एका अंड्याच्या पोटी एक नव्हे, अनेक!

भूमध्य समुद्रात आढळणारी 'टरिटॉप्सिस डोर्नी' नावाची एक जात तर ह्यावरही कडी करते. ती करंगळीच्या नखापेक्षाही लहान असते. उपासमार झाली, इजा झाली, तर ती मरण्याऐवजी आकसते, तळाशी बसते आणि पुन्हा पॉलिप होते. म्हणजे म्हाताऱ्याने पुन्हा पाळण्यात जावे तसे! शास्त्रज्ञांनी ह्याचे साद्यंत वर्णन १९९६ साली प्रसिद्ध केले. लोक हिला 'अमर' म्हणतात, परंतु वाचकांनी अमृताच्या शोधात निघू नये. हिला मासे खातात, रोगही होतात. मरण टळत नाही. फक्त म्हातारपण परत फिरविता येते. आमच्या वयास तेवढेही पुष्कळ वाटते, ही गोष्ट वेगळी!

मेंदू नाही तर झोप कशाची, असे कोणी म्हणेल. अमेरिकेतील कॅलिफोर्निया तंत्रविद्यासंस्थेतील तिघा तरुण विद्यार्थ्यांनाही हाच प्रश्न पडला. 'कॅसिओपिया' नावाची जात समुद्रतळाशी उताणी पडून छत्री हलवीत राहते. दिवसा तिच्या छत्रीची आकुंचने मिनिटास सुमारे ५८ होत, रात्री ती सुमारे ३९ वर येत. रात्रभर पाण्याच्या झोताने तिला वरचेवर जागविले, तर दुसऱ्या दिवशी ती सुस्तावे, परीक्षेच्या आदल्या रात्री जागलेल्या विद्यार्थ्यासारखी! ही निरीक्षणे २०१७ साली प्रसिद्ध झाली. झोप ही मेंदूची मक्तेदारी नव्हे, असा त्यांचा निष्कर्ष होता.

आता आमच्या तोंडाच्या चुकीकडे येतो.

कॅरिबियन समुद्राच्या काठी जी कांदळवने आहेत, त्यांच्या मुळांमधून 'ट्रिपेडेलिया' नावाची एक इवलीशी बॉक्स जेलीफिश राहते. तिची छत्री सुमारे एक सेंटिमीटर, म्हणजे बोराच्या आठळीएवढी. तिला डोळे किती असावेत? चोवीस! छत्रीच्या चार बाजूंस चार लहान गाठी आहेत आणि प्रत्येक गाठीवर सहा डोळे. त्यांपैकी काहींना आपल्या डोळ्यांसारखी भिंगेही आहेत. प्रत्येक गाठीच्या टोकास स्फटिकाचे एक वजन आहे. त्यामुळे प्राणी कसाही उलटासुलटा झाला तरी काही डोळे नेहमी आकाशाकडेच राहतात आणि पाण्यातून वर पाहून कांदळवनाची झाडी कोणत्या दिशेस आहे ते हेरतात. मुळांच्या मधून जेथे उन्हाचे कवडसे पडतात, तेथे तिचे भक्ष्य जमते. तेव्हा मुळांच्या जवळ तर राहिले पाहिजे, परंतु मुळांवर आपटता कामा नये. आपटल्यास तो नाजूक देह फाटावयाचा. म्हणजे पोट भरण्यासाठी अंतराचा अंदाज आवश्यक. गढूळ पाण्यात मूळ फिकट दिसते, तेव्हा ते दूर आहे की जवळ, हे कसे ओळखावे?

डेन्मार्कमधील कोपनहेगन व जर्मनीतील कील येथील विद्यापीठांच्या शास्त्रज्ञांनी ह्याचा प्रयोग केला आणि तो २०२३ साली प्रसिद्ध झाला. एका वाटोळ्या भांड्याच्या आतल्या भिंतीवर त्यांनी करडे व पांढरे पट्टे रंगविले. करडे पट्टे म्हणजे जणू दूरची मुळे. आत जेलीफिश सोडली. प्रथम तिला ती मुळे खरोखरच दूर वाटली आणि ती वारंवार भिंतीवर आपटू लागली. परंतु साडेसातच मिनिटांत रंग पालटला! भिंतीपासूनचे तिचे सरासरी अंतर सुमारे दीडपट झाले, आपटणे निम्म्यावर आले आणि वेळीच वळून निसटण्याचे प्रमाण चौपट झाले. दर गाठीत मज्जापेशी सुमारे एक हजार. आपल्या मस्तकात आठ हजार कोटींहून अधिक. आणि साडेसात मिनिटांत ती आपली चूक सुधारते! आमच्या वर्गात पस्तीस मिनिटांचा तास असे.

ह्या प्रयोगाचा जो भाग आम्हांस सर्वांत विचार करण्यासारखा वाटला, तो पुढेच आहे. भांड्याची भिंत सर्वत्र एकसारखी करडी ठेवली, म्हणजे पाहावयास काही खूणच ठेवली नाही, तेव्हा जेलीफिश आपटत राहिली. पण शिकली नाही. नंतर एक गाठ वेगळी काढून तिच्यापुढे पट्टे सरकविले. नुसते पट्टे दाखवून काही झाले नाही. परंतु पट्ट्याबरोबर आपटल्यासारखा विजेचा सौम्य झटकाही दिला, तेव्हा थोड्याच वेळात ती गाठ नुसता पट्टा दिसताच वळण्याची आज्ञा सोडू लागली. म्हणजे नुसता धक्का शिकवीत नाही आणि नुसते दर्शनही शिकवीत नाही. धक्का कोठे व कशामुळे बसला हे दिसले, दोहोंची सांगड पडली, तरच विद्या येते.

वाचकहो, हे वाचून आम्ही पुस्तक मिटले व बराच वेळ तसेच बसून राहिलो. कारण आम्हांस आमचा एक विद्यार्थी आठवला. नाव येथे देत नाही. सातवीपर्यंत त्यास त्रैराशिक जमले नाही. आम्ही त्यास छड्या मारल्या आणि सर्व वर्गादेखत 'बिनडोक' म्हटले, एकदा नव्हे, अनेकदा. कोठे चुकतोस ते एकदाही त्याच्याजवळ बसून दाखविले नाही. करड्या भिंतीवर आपटत राहा, असेच जणू आम्ही त्यास सांगत होतो. पुढे त्याने शाळा सोडली. तीन वर्षांपूर्वी आमच्या विहिरीवरील पंप बिघडला, तेव्हा दुरुस्तीस जो गृहस्थ आला तो तोच. त्याने पंप उकलला, आतील भाग क्रमाने फडक्यावर मांडले, दोष शोधून काढला आणि तासाभरात पाणी चालू केले. आम्ही कौतुकाने विचारले, "हे कोठे शिकलास?" तो हसून म्हणाला, "गुरुजी, चुकत चुकत शिकलो. चार पंप बिघडवले, तेव्हा पाचवा जमला. तुम्ही तर मला बिनडोक म्हणायचात!" त्याच्या बोलण्यात राग नव्हता. जाताना आम्हां उभयतांस वाकून नमस्कारही करून गेला. परंतु आम्हांस त्या दिवशी त्याच्याबरोबर हसता आले नाही आणि क्षमा मागावयासही तोंड उघडले नाही. ती क्षमा आज येथे मागतो.

क्षुद्र म्हणून टाकलेल्या वस्तूत काय दडले असेल ह्याची आणखी एक साक्ष आहे. ओसामु शिमोमुरा हे जपानी शास्त्रज्ञ सोळा वर्षांचे असता १९४५ साली नागासाकीवर अणुबाँब पडला. ते जवळच्याच एका गावी होते. त्या प्रखर झोताने त्यांचे डोळे काही काळ अगदी दिपून गेले. त्या दाहक प्रकाशानंतर ह्या गृहस्थांनी आयुष्य वेचले ते एका शांत, थंड प्रकाशाच्या शोधात. १९६१ साली अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर 'इक्वोरिया' नावाच्या जेलीफिशच्या छत्रीच्या काठाशी उजळणारा प्रकाश कशाने निर्माण होतो हे शोधण्यासाठी त्यांनी एका उन्हाळ्यात सुमारे दहा हजार जेलीफिश जाळ्याने गोळा केल्या. पुढील वर्षांत पत्नी व मुलेही हाती जाळी घेऊन मदतीस येत. किती प्रयत्न केले तरी प्रकाशाचे मर्म सापडेना. एके दिवशी निराश होऊन त्यांनी तो अर्क मोरीत ओतून दिला, तो मोरी निळ्या प्रकाशाने झगमगून उठली! मोरीत समुद्राचे पाणी वाहत होते; त्यातील कॅल्शियमने तो प्रकाश चेतविला होता. त्या संशोधनात त्यांस हिरवे चमकणारे आणखी एक प्रथिनही मिळाले. पुढे इतर शास्त्रज्ञांनी त्याची जनुके दुसऱ्या जीवांच्या पेशींत घालून दाखविली; त्यामुळे जिवंत देहात मज्जातंतू कसा वाढतो, कर्करोग कसा पसरतो, हे डोळ्यांनी पाहता येऊ लागले. शिमोमुरा यांना मार्टिन चाल्फी व रॉजर त्सिएन यांच्यासह २००८ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. बिनडोक जीवाने डोकेवाल्यांच्या हाती असा दिवा दिला.

आणि हाच जीव डोकेवाल्यांची फजितीही करतो. २०२५ सालच्या ऑगस्टमध्ये फ्रान्समधील ग्राव्हलीन येथील अणुवीजकेंद्रात समुद्राचे पाणी ओढून घेणाऱ्या गाळण्यांत जेलीफिशचे थवे शिरले आणि चार अणुभट्ट्या आपोआप बंद पडल्या. अणू फोडणाऱ्या बुद्धीला पाण्याच्या गोळ्यांनी वाट अडविली!

एकादश स्कंधातील अवधूताची कथा आपल्या घरांत सर्वांस परिचित आहे. नाथांच्या भागवतामुळे ती मराठी झाली. त्या अवधूताने चोवीस गुरू केले. त्यांत समुद्र आहे, मासा आहे, अजगर आहे, कोळी आहे, पतंगसुद्धा आहे. ज्याच्याकडून जे शिकता आले ते त्याने घेतले. कोणास डोके किती, हे पाहिले नाही. समुद्र व मासा यांच्यामध्ये राहिलेला, ना धड पाणी, ना धड मासा, असा हा चोवीस डोळ्यांचा जीव त्याच्या दृष्टीस पडता, तर पंचविसावा गुरू झाला असता अशी आमची खात्री आहे. त्या अवधूताची योग्यता आमच्या ठायी नाही. तथापि गुरू करण्यास आम्हांस कोणी बंदी केलेली नाही.

नातवाचा हात आता पूर्ण बरा आहे. परवा तो गणिते सोडवीत बसला होता. एकच गणित तिसऱ्यांदा चुकले. जुन्या सवयीने तो शब्द आमच्या जिभेच्या टोकाशी आला होता, तो गिळला. त्याच्याशेजारी चटईवर बसलो, चष्मा पुसला आणि म्हणालो, "बाळ, पाहू बरे, कोठे आपटलास?" त्याने पाटीवर बोट ठेवले. हातचा विसरला होता.